रकाना सातवा

सकाळी सात चाळीसला दोघं निघतात,
एकाच पेट्रोल पंपावरून, एकाच बनावटीच्या गाड्यांत.
ओदीलच्या गाडीत यंत्र आहे,
बाकारीच्या गाडीत बाकारी.

मी ल्योंच्या दुसऱ्या टोकाला,
कारखान्याच्या पार्किंगमध्ये तक्ता घेऊन उभा.
मध्ये फूर्व्हिएरचा बोगदा.
रोज सकाळी हजारो गाड्या गिळतो
आणि एकही पचवत नाही.

यंत्र सांगतं: पुढच्या चौकात उजवीकडे.
ओदील म्हणते, आज त्याचा आवाज जरा चिडका होता.
तक्त्यात आवाजासाठी रकाना नाही.

बाकारीनं वीस वर्षं टॅक्सी चालवली.
मंगळवारचा बाजार कुठे भरतो,
कुठला सिग्नल आळशी,
शाळेसमोरची कुठली बाई नुसत्या भुवईनं ट्रक थांबवते,
सगळं त्याला पाठ.
तरी हरतो. अकरा मिनिटांनी, बहुतेकदा.
(एका गुरुवारी जिंकला. खोदलेला रस्ता यंत्राच्या कानावर आला नव्हता.)

सातवा रकाना: वाचलेला वेळ.
मी लिहितो, अकरा.
त्या अकरा मिनिटांत ओदील
काच खाली करते, संत्रं सोलते,
साली डॅशबोर्डवर ओळीनं मांडते
आणि बाकारीची वाट पाहते.
वाट दाखवणारं यंत्र तिच्या शेजारी गप्प.
पाहणं त्याला शिकवलेलं नाही.

नवव्या आठवड्यात चाळीस गाड्यांना यंत्रं बसवली.
चाळीसही जणांना त्यानं विश्वासात घेऊन
एकच आडवाट सांगितली,
टेकडीमागची, जेमतेम एका गाडीची,
जिथे मादाम पेरोशाँ दारात खुर्ची टाकून
वाटाणे सोलत बसायची.
तिनं खुर्ची आत नेली.
मग पातेलं नेलं.
मग दार लावलं.

ओदील चाळिसांत एकोणिसावी अडकली होती.
बाकारी नेहमीच्या बोगद्यातून आला,
तेवीस मिनिटं आधी,
आणि पार्किंगमध्ये काय करावं त्याला कळेना.
माझ्यापाशी येऊन सातव्या रकान्यावर बोट ठेवलं:
"उणे कसं लिहितात?"
मी दाखवलं. एक छोटीशी आडवी रेघ.
"एवढीच?"

मग तिच्या रोजच्या जागेशेजारची जागा धरून
तो गाडीत बसून राहिला.
खिशातून संत्रं काढलं.
अर्धं सोललं,
अर्धं तसंच ठेवलं.