हिवाळा, खालच्या कप्प्यात

बाबांचं पुडकं सारेमा बेटावरून निघालं
आणि एव्होराला पोचलं, तेव्हा ऑक्टोबर संपत आला होता;
इथल्या भिंती मात्र दुपारी अजून हात भाजत होत्या.
ओल्या शेवाळात गुंडाळलेला कंद,
कोळ्यासारखे पाय पसरलेला,
त्यावर दोन कोंब, टोकदार, पांढरे.

सोबत चिठ्ठी, नेहमीच्या त्या खडूस अक्षरात:
“रानातला नाही. रानातला उपटणाऱ्याचे हात झडोत.
बी मीच पेरलं होतं, तू बेट सोडलंस त्या वर्षी.
बी कसलं, धूळच ती.
रानात तिला बुरशी घास भरवते,
बाटलीत मी भरवला: साखरपाणी, थोडा अननसाचा रस.
नऊ वर्षांनी फुललं.
सोनेरी जोडा म्हणतो आपण त्याला,
पण देठावर येतो एकच पाय, ठाऊक आहे ना तुला.

उत्तरेच्या भिंतीशी ठेव. अंड्याची टरफलं कुटून घाल.
ऊन नको, लाड नकोत, पण थंडी हवी.
थंडीला पर्याय नाही.
तुमच्याकडे मिळत नसेल तर फ्रीज.
शेजारी सफरचंदं ठेवू नकोस,
त्यांच्या श्वासाने कोंब मरतात.”

तर खालच्या कप्प्यात, चार अंशांवर,
लोण्याच्या पलीकडे
मी आमच्या बेटाचा हिवाळा ठेवला.
रात्री चीज शोधताना द्वार्त विचारायचा,
“सासरेबुवांना जरा सरकवू का?”
फ्रीज घुरघुरायचा, जणू तेच घोरतायत.

जानेवारीत फोन. तिकडे उणे चौदा.
वाफ्यावर त्यांनी स्प्रूसच्या फांद्या अंथरल्या होत्या.
“माझे सगळे झोपलेत. तुझा?”
“माझाही.”
एवढंच बोलायचो आम्ही, आणि मग हवामान.

फेब्रुवारीत शेजारच्या फेलिज्बेलाबाई
मला ऑलिव्हच्या झाडांमागे घेऊन गेल्या.
गवतात हिरवे झुबके, तुकतुकीत.
“ही आमची जिभेची फुलं. एप्रिलमध्ये बघ,
लालभडक जिभा काढून उभी राहतात.
ऑगस्टात मात्र शोधू नकोस, माग लागणार नाही.
मेलेली नसतात गं,
खाली डोळे मिटून पडलेली असतात.”
बाई तण उपटत होत्या, माझ्याकडे पाहतही नव्हत्या.
“ज्याला जे सोसवत नाही,
ते तो झोपून काढतो.”

हे मी बाबांना सांगितलं.
पलीकडे बराच वेळ काही नाही,
फक्त चुलीत लाकूड सरकल्याचा आवाज.
मग म्हणाले,
“तुझी आई गेली त्या वर्षी तू दाराशी येऊन सांगायचीस,
बाबा उठा, मे लागलाय, बर्च फुटलेत, बाहेर या.
मला ऐकू यायचं.
कोंब होता माझ्यात.
थंडी पुरी झाली नव्हती, इतकंच.”

मी म्हटलं, हं.
दुसरं काय म्हणणार होते?
मग त्यांनीच विचारलं, कुंडीला भोकं किती आहेत.

मार्चमध्ये कुंडी बाहेर काढली.
एक कोंब कुजला होता, बोटाला ओला लागला.
दुसरा महिनाभर तसाच, हट्टी;
मग एका सकाळी चुण्या उलगडत वर आलं
एक पान, त्यात दुसरं,
धुतलेल्या, इस्त्री न केलेल्या सदऱ्यासारखं.
फूल नाही.
फोटो पाठवला. उत्तर आलं:
“पानं चांगली आहेत. घाई कुणाला आहे.”

जूनच्या उन्हात कडा करपल्या.
मी तिथे छत्री बांधली, जुनी, निळ्या ठिपक्यांची;
गल्लीतली पोरं हसली.
सप्टेंबरात पानं पिवळी पडून गळाली,
उरली नुसती माती आणि लाकडी पट्टीवर
बाबांच्या अक्षरात लिहिलेली तारीख.

नोव्हेंबर लागला तसं
मी काही बोलण्याआधीच
द्वार्तने खालच्या कप्प्यातली सफरचंदं
एकेक करून बाहेर काढली.