जेवढं दिसलं तेवढंच

रविवारी सकाळी बिबवेवाडीच्या शाळेत
तिसरीच्या बाकांवर गुडघे दुमडून आम्ही सतराजण.
रसने मॅडम फळ्यावर ढग काढतात,
वरून सपाट, पसरलेला, ऐरणीसारखा.
"ऐरण पाहिलीय कुणी?"
हात एकट्या पोपळघटांचा वर.
तीस वर्षं त्यांनी ती बडवलीय.

मग गारांची मापं.
हरभरा. सुपारी. लिंबू.
"मोठी" म्हणायचं नाही. "बापरे" तर नाहीच.
फळवाला यासीन विचारतो, बोर चालेल?
मॅडम म्हणतात, कुठलं? गावठी की अ‍ॅपल बोर?
हसलो सगळे,
पण त्यांनी ते वहीत लिहून घेतलं.

आधी वेळ, मग जागा, मग दिसलं तेवढंच.
भीती कळवायची नाही,
तिला तक्त्यात रकाना नाही.

मी टेलिफोन एक्स्चेंजमधून निवृत्त.
लोकांचं बोलणं जोडून द्यायचं,
मध्ये बोलायचं नाही,
जन्मभर हेच.

ऑक्टोबर. रात्री दहा चौदा.
ओढ्याकडे उतरणाऱ्या पायऱ्या
मी मे महिन्यातच मोजून ठेवलेल्या: एकोणीस.
बॅटरीच्या उजेडात अकरा.

"आठ बुडाल्यात. पाणी गढूळ. आत दगड वाजतायत."
पलीकडे कुणी पोरगा टाइप करत होता.
"मावशी, अजून काही?"

खालच्या खोल्यांत दिवे होते.
एका कुकरची शिट्टी झाली.
हे कुठल्याच रकान्यात बसत नव्हतं.
"सहा घरं," म्हणाले,
"आत्ता जेवायला बसतायत."

टाइप थांबलं.
मग पुन्हा सुरू झालं, जोरात.
मी लाइन धरून ठेवली.