तीनशे चाळीस बिल्ले

निविदा उघडायची होती गुरुवारी.
माझ्याकडे ऑर्डर आली आदल्या शनिवारी:
तीनशे चाळीस बिल्ले, गडद निळ्यावर पिवळा गरुड,
खाली एजन्सीचं नाव, वळणदार अक्षरांत.

ग्वाल्हेरला, दौलतगंजात, गल्लीच्या तोंडाशी माझं दुकान.
नमुना घेऊन आलेला पोरगा म्हणाला,
"काका, घाई आहे. सोमवारपासून ड्यूटी लागेल."
"कुठली?"
"सरकारी दवाखान्याची. तिन्ही गेट."
मग जीभ चावली त्यानं
आणि ॲडव्हान्सच्या नोटा उगाच दोनदा मोजल्या.

आमच्यात सोयरीक जुळल्यावर पत्रिका छापतात.
इथे पत्रिका छापून तयार,
आणि मुलगी बघायचा कार्यक्रम गुरुवारी अकराला,
तीन बंद पाकिटांसमोर.

मी शिवले. खोटं कशाला बोलू.
गरुडाच्या डोळ्याला काळा रेशमी धागा वापरला,
कुणी सांगितलं नव्हतं तरी.

सोमवारी पहाटेच तोमर आला, गेट नंबर दोनचा.
सतरा वर्षं तोच माणूस, तेच स्टूल,
एजन्सी पाचवी.
"मास्टर, हा उसवा अन् हा लावा.
बिल्ल्याचे दीडशे पगारातून कापणार आहेत."
मी तो बावीसला दिला होता.
बोललो नाही.

ब्लेडनं जुना सिंह उसवला.
खाली कापड ढालीच्या आकारात गडद,
त्या ढालीत एक गोल, त्याहून गडद,
अगदी दुकानातून आणल्या दिवसासारखा.
बाकी सगळा शर्ट उन्हानं विटलेला.

"हे कुणाचे?" मी गरुडाकडे बोट दाखवलं.
तोमरनं आधी रस्ता पाहिला.
"साडूचे. मागचा भाचा होता."
"आणि रात्री काही झालं तर?"
"मी असतोच की."
खिशातून शिट्टी काढून दाखवली.
ती तेवढी त्याची स्वतःची,
मेळ्यातून घेतलेली.

गरुड ढालीपेक्षा अरुंद निघाला.
दोन्ही कडांना जुन्या निळ्याची रेघ राहिली.
इस्त्री फिरवली, पाणी मारलं,
रेघ कसली जाते.

सिंह त्यानं परत मागितला नाही.
मी बटणांच्या डब्यात टाकला.
निवडणूक दोन वर्षांवर आहे, असू दे.

शनिवारी तोच पोरगा पुन्हा:
"काका, आणखी साठ. पाणीपुरवठ्याच्या टाक्या."
धाग्याचं रीळ शोधता शोधता मी विचारलं,
"निविदा कधी उघडणार?"

"कसली?" म्हणाला तो,
अगदी मनापासून.