चार बोटं कमी

हे येणार नऊ दिवसांसाठी.
त्यातला एक त्रिशूरहून येण्यात मुरतो,
एक परत जाण्यात.
उरले सात.

प्रांजलनं भूगोलाच्या वहीच्या मागच्या पानावर
पट्टी धरून रकाने आखलेत.
कोरडे पाळणे एकवीस, पाण्यातले चौदा,
एका रांगेला पाऊण तास,
जेवणाला वीस मिनिटं, त्यात हात धुणं धरलंय.
"एका दिवसात होतच नाही मम्मी.
गणितच बसत नाही.
विट्यातनं रात्री निघायचं, खोपोलीच्या पुढं उजाडणार,
आणि पाच वाजले की शिट्टी मारून बाहेर काढतात."

माझं गणित तांदूळ निवडता निवडता.
एक दिवस रेणावीला, रेवणसिद्धाला.
एक बँकेत, यांचा अंगठा मशीन ओळखत नाही.
ॲसिडनं रेषाच खाल्ल्यात.
एक आटपाडीला, नणंदेच्या घरभरणीला,
नाही गेलो तर दहा वर्षं ऐकायचं.
दाढेला दोन खेपा, म्हणजे दीड धरू.
बांधाच्या मोजणीचं भावकीशी बोलणं, अर्धा.
तो अर्धा कधी अर्धा राहत नाही,
तरी अर्धा.
उरले दोन.

"एका दिवसाचं तिकीट चौदाशे," प्रांजल वाचते,
"दोन दिवसांचं बावीसशे.
बघ, दुसरा दिवस स्वस्त पडतो."
मला हसू आलं.
दुसराच तर माझ्याकडं सगळ्यात महाग,
आणि तो कशासाठी ठेवलाय
हे पोरांना सांगण्यासारखं नाही.
हा माणूस दुपारी घरात झोपलेला
मी शेवटचा कधी बघितला?

रात्री साडेदहाला फोन.
यांच्या भुवईवर राख, मागं मुशी मांडलेल्या.
"दोन करा," म्हणाले, "पोरांचं मन मोडू नका."
मग म्हणाले, आज दुकानाची माती धुतली,
तीन महिन्यांची झाडलोट,
त्यातनं निघालं थोडं.
किती, ते फोनवर सांगत नाहीत.

स्वराजला आकडे कळत नाहीत,
त्याला फक्त एकशे वीस कळतं.
मोठ्या पाळण्याच्या दारात म्हणे पट्टी असते,
तिच्या खाली डोकं गेलं की परत पाठवतात.
आमच्या चौकटीवर पेन्सिलची रेघ एकशे तेरावर.
परवा तो बुटात घडी घालून पेपर कोंबत होता,
रविवारची पुरवणी, जाड असते म्हणून.
टाचा उचलून म्हणाला, "आता बघ."
बघितलं.
तरी चार बोटं कमी.

प्रांजल बराच वेळ गप्प.
मग खोडरबरनं एक अख्खा रकाना पुसला,
कागद जरा फाटलाच.
"असं करू.
एक दिवस आत्ता.
दुसरा पुढच्या वर्षी, हा वाढला की."
"मग तो स्वस्त नाही पडायचा."
"नको पडू दे."
आणि लगेच, भावावर खेकसून:
"पण तोवर वाढलास पाहिजेस हां,
नाहीतर मी एकटी जाणार."

फोनच्या पलीकडं हे काहीच बोलले नाहीत.
आवाज गेला वाटून मी दोनदा हॅलो केलं.
"आहे, आहे," म्हणाले,
"पुढच्या दिवाळीला दहा दिवस मागतो शेठला."

पोरं झोपल्यावर वही उघडली.
फाटलेल्या जागी तिनं काही लिहिलेलं नाही.
मीही नाही लिहिलं.
फक्त मोजणीच्या अर्ध्या दिवसाला
पेनानं गोल केला, घट्ट.
त्यानं आता हद्द ओलांडायची नाही.

स्वराज दोन वेळा दूध पितो, नाक दाबून.
सकाळी शाळेची गाडी वाजत असते
आणि हा चौकटीला पाठ लावून उभा,
बूट काढून,
टाचा फरशीला टेकवून,
"मम्मी, खरं खरं सांग."