पाचाचं शेपूट

शिलाई मशीनचे साडेसात हजार घेताना
सेलूत तो गिराम होता,
मानवतला टाकसाळे,
जिंतूरला नुसताच साहेब.

मी कुणाला बोलले नाही.
हसतील म्हणून पावती
डाळीच्या डब्यात, तळाशी.

मग शमीम आपानं तिची काढली,
म्हणाली, दाव तुझी.
नाव वेगळं. शिक्का वेगळा.
पण पाचाचं शेपूट तेच,
रेघेखाली लोंबणारं.

आज ठाण्याच्या बाकड्यावर अकराजणी.
हवालदार म्हणतो, एकीनं लिहा,
बाकीच्यांनी सह्या ठोका.

नाही, दादा.
प्रत्येकीची तारीख वेगळी,
झोपही वेगवेगळ्या रात्री उडाली.
अकरा कागद घ्या.

दाराशी बारावी उभीय,
पदराच्या गाठीत काहीतरी घट्ट धरून.
आपा, सरक गं जरा.