वेंगुर्ल्याची काडी

इनासबाईंनी दिली तेव्हा करंगळीएवढी होती,
गोणपाटाच्या ओल्या तुकड्यात गुंडाळलेली.
"तुझ्या गावाक लाय," म्हणाल्या, "जगलो तर आपलो."
त्यांच्या अंगणातला कौलांपर्यंत गेला होता
खाऱ्या वाऱ्याकडे पाठ करून,
बांगडे धुतलेलं पाणी पीत,
वर्षातून चार-पाचदा लाल होत.
मी तिथल्या वेधशाळेत आर्द्रता लिहायचो:
ब्याऐंशी, अठ्ठ्याऐंशी, एक्क्याण्णव.
संध्याकाळी परतताना तो फाटकावरून दिसायचा,
कुणी उंच माणूस
दिवा न लावता उभा असावा तसा.

मग बदली. सोनेगाव.
आर्द्रता: चौदा, अकरा, एकदा नऊ.

त्रिमूर्तीनगरात काळी माती
मे महिन्यात उघडते
हाताचा पंजा आत जाईल एवढी.
शेजारचे झोडे कुंपणावरून म्हणाले,
"काहून जीव घेऊन राहिले जी त्याचा?
समुद्राचं झाड हाय ते."
मी कूलरच्या टाकीतलं उरलेलं पाणी दिलं,
संत्र्याच्या साली कुजवून दिल्या,
दुपारी जुन्या चादरीची सावली धरली,
आणि एकदा, कुणी पाहत नाही असं बघून,
मूठभर खडेमीठ.

एक फांदी त्याच आठवड्यात काळी पडली.
त्यानंतर मी त्याला
कसलीच आठवण करून दिली नाही.

दोन वर्षं नुसता वाढला.
पानं, काटे, पानं.
भिंत चढला, छज्जा ओलांडून दिसेनासा झाला.
ऑक्टोबरात मी शिडीवर चढून
हात पोचेल तिथपर्यंत छाटायचो,
बुंध्याशी शेणखत, निंबोळी पेंड,
आणि मान वर करून बघायचो:
छज्ज्याचं सिमेंट, त्यावर आभाळ.
झोडे काही म्हणत नसत. त्यांचं ते न म्हणणं
मला कुंपणापलीकडून ऐकू यायचं.

फेब्रुवारीत जिन्यात मंदाकिनी गजभिये भेटली,
वरच्या मजल्यावरची, मेडिकलमध्ये नर्स,
रात्रपाळीहून येत होती, चपला हातात.
"काका, तुमचा गुलाब तर
आमच्याकडेच फुलून राहिला ना."

वर गेलो.
तिच्या वाळत घातलेल्या पांढऱ्या कपड्यांत
सात फुलं होती.
खिडकीत सलाईनच्या रिकाम्या बाटलीत आणखी तीन.
"या हिवाळ्यात हे तिसऱ्यांदा," ती म्हणाली,
"सुकलं की मी खुडते. खुडलं की परत येते."

अडतीस वर्षं मी नोंदी ठेवल्या.
ढगांच्या, वाऱ्याच्या, एक-दोन थेंब पावसाच्यासुद्धा.
तिसऱ्यांदा.

त्या मे महिन्यात सेहेचाळीसच्या वर गेलं.
पानं कडेने गुंडाळली त्याने,
फुलण्याचा विषयच काढला नाही.
मी सकाळी पाचला बादल्या वाहायचो.
सदरा काढला की पाठीवर पांढरी रेघ,
भरती ओसरल्यावर वाळूवर राहते तशी वाकडी.
बोट लावून चाखली मी ती.
सदरा धुतला. ते पाणी मोरीत सोडलं,
झाडाला नाही.

पावसाळा संपता संपता इनासबाईंचा फोन आला.
आवाज बारीक झाला होता.
तिकडे धूपप्रतिबंधक बंधारा झालाय, म्हणाल्या,
एवढाले काळे दगड,
ट्रक आत यायला अंगण लागलं.
मग थोडा वेळ नुसता वारा फोनमध्ये.
"तुझो जगलो काय रे? फुलता?"

छज्ज्याच्या वरचं मला अजून दिसत नाही.
"थांबा," म्हटलं, "विचारून सांगतो,"
आणि फोन तसाच धरून
जिन्यात गेलो,
मंदाकिनीला हाक मारली.