गोळा होण्याची जागा

नियम दाराच्या आतल्या बाजूला चिकटवलेले असतात,
टॉवेलच्या खुंटीच्या बरोब्बर मागे.
टॉवेल वाळला की दिसतील.
डनीडिनमध्ये टॉवेल वाळत नाही.

मेणबत्ती नको. हीटरवर मोजे नकोत.
टोस्टर खाली, सामायिक स्वयंपाकघरातच.
छतातल्या फवाऱ्याला हँगर टांगू नये:
हे फर्गसमुळे लिहावं लागलं.
गेल्या मार्चमध्ये त्याने भाड्याचा सूट टांगला,
दोन मजले भिजले,
आणि गंजाच्या पाण्याने तपकिरी झालेला तो सूट घालून
पठ्ठ्या तसाच नाचायला गेला.

सोफा रस्त्यात नेऊन जाळू नये.
आमच्या गावात हेही लिहावं लागतं.
माझ्या बापानेसुद्धा जाळलाय एक, अठ्ठ्याऐंशी साली.
सांगताना अजून डोळे चमकतात त्याचे,
मग पोरगी तिसऱ्या मजल्याची प्रमुख आहे हे आठवून
तो चहा ढवळत बसतो.

फेब्रुवारीत, पहिल्या संध्याकाळी, मी हे सगळं मोठ्याने वाचते.
यंदा लोसाने जांभई दिली.
टेवीताने विचारलं, भात करपला तर तो आगीत धरायचा का?
सगळे हसले.
पुढच्या रांगेत तामाती. त्याला ऐकू येत नाही.
दुभाष्या बाईंनी बोटं थरथरवत वर नेली
आणि मी आग हा शब्द पहिल्यांदा पाहिला.
तीन पानं त्याने डोळे न हलवता ऐकली.
हो, ऐकली. दुसरं क्रियापद मला सापडत नाही.

मग जुलै. पहाटेचे तीन वाजून दहा मिनिटं.
कुणीतरी नूडल्स ठेवले, पाणी घालायचं राहिलं.
घंटा अशी की दात हलावेत.
बाहेर गवतावर दहिवर गोठलेलं, कुरकुर वाजणारं,
आणि त्यावर अनवाणी माझा मजला:
एकीच्या हातात बरणीतला मासा,
एकाच्या हातात फक्त विजेचा टूथब्रश,
फर्गस रजईत, नुसत्या नाकासकट.

मोजले. एकतीस.
पुन्हा मोजले, माशाला वगळून. एकतीस.
हवेत बत्तीस.

कोणत्याही कारणासाठी आत परत जाऊ नये.
सातवा नियम. मीच वाचला होता, सपाट आवाजात,
आठव्याकडे जायच्या घाईत.
तेव्हा ते एक वाक्य होतं.
आता ते माझ्या दोन्ही पोटऱ्या धरून बसलं होतं.

तीनशे चौदा.
त्याच्या उशीखाली एक चकती असते,
घंटा झाली की ती हादरते, माणूस उठतो.
पण तिचा प्लग काढून त्याने फोन लावला असेल तर?
मी तरी लावला असता.
तिसऱ्या मजल्यावरची ती एकच काळी खिडकी
मी एवढी बघितली की ती हलायला लागली.

तेवढ्यात बंब आला
आणि शिरस्त्राणातल्या बाई माझ्यावर खेकसल्या:
इथे का उभे आहात सगळे? ही आमची जागा!
नकाशा वाचला नाही कुणी?

नकाशा. टॉवेलच्या मागे.
आम्ही आपले दाराजवळ, भिंतीच्या उबेला चिकटलेले.

रस्त्यापलीकडे, सायकलींच्या छपराशेजारी,
हिरव्या पाटीखाली एकटा तामाती.
बूट घातलेले, नाड्या बांधलेल्या, कानटोपीसुद्धा.
कधीचा हात हलवत होता म्हणे.
आम्ही सगळे आगीकडे तोंड करून उभे,
म्हणजे धुराकडे, म्हणजे एका पातेल्याकडे.

एकतीस माणसं आणि एक मासा
पाय चोळत रस्ता ओलांडून गेलो.
त्याने एकेकाकडे बोट नाचवत आम्हाला मोजलं,
मग माझ्याकडे बघून हातांनी काहीतरी विचारलं.
मला ती खूण येत नव्हती.

लोसाच म्हणाली, दात वाजवत,
अंदाजानेच असेल:
विचारतोय, एवढा वेळ होतात कुठे?